कुलूप, किल्ली आणि प्रतिपक्षी : माहिती-सुरक्षेच्या पदवीत काय शिकतात?



नदीवर पूल बांधायचा आहे असे समजा. अभियंता पुराच्या पाण्याचा जोर, वाऱ्याचा दाब, वाहनांचे वजन या साऱ्यांचा हिशेब करतो आणि त्याहून जास्त भार सोसेल असा पूल उभारतो. पूर कितीही मोठा आला, तरी एक गोष्ट तो कधीच करीत नाही. पुलाचा आराखडा मिळवून, त्यातला सर्वांत कच्चा सांधा हेरून, रात्री सारे झोपले असताना नेमका त्याच सांध्यावर तो घाव घालीत नाही. निसर्ग बलवान असतो, पण कपटी नसतो.

संगणकातील माहिती सांभाळणाऱ्याची गाठ मात्र कपटी माणसाशी असते. हा माणूस आपला आराखडा वाचतो, कच्चा सांधा शोधतो, वाट पाहतो. आपण त्याला ‘प्रतिपक्षी’ म्हणू. ‘पुढे काय करणार?’ असे विचारल्यावर तुमच्यापैकी काही जण हल्ली ‘सायबर सिक्युरिटी’ असे उत्तर देतात. या विषयाच्या पदवीत नेमके काय शिकवतात, असे मात्र विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे भराभर टंकणारा तरुण येतो. प्रत्यक्षात हा अभ्यास बराचसा वहीत, पेन्सिलीने करण्यासारखा आहे. त्याची सुरुवात तुमच्या शाळेच्या गणितातच होते. आज आपण त्याचे चार-पाच नमुने स्वतः करून पाहू या.

चूक आणि कपट

घरातले एखादे पुस्तक घ्या आणि मागच्या बाजूला पट्ट्यांच्या चित्राशेजारी छापलेला तेरा अंकी आय.एस.बी.एन. क्रमांक पाहा. समजा तो ९७८०३०६४०६१५७ असा आहे. डावीकडून पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने, चौथ्याला ३ ने, असे शेवटपर्यंत गुणत जा आणि बेरीज करा :

९ + २१ + ८ + ० + ३ + ० + ६ + १२ + ० + १८ + १ + १५ + ७ = १००

बेरजेला १० ने निःशेष भाग गेला, म्हणजे क्रमांक बरोबर. दुकानदाराने सातव्या जागेवरच्या ६ ऐवजी चुकून ८ टंकला, तर बेरीज १०२ होईल आणि यंत्र लगेच ‘चूक’ म्हणेल. शेवटचा अंक याच पहाऱ्यासाठी ठेवलेला असतो. आधार क्रमांकाचा बारावा अंकही असाच पहारेकरी आहे, फक्त त्याची रीत वेगळी आहे.

आता प्रतिपक्ष्याच्या भूमिकेत शिरा. पाचव्या जागेवरचा ३ बदलून ४ करा आणि सातव्या जागेवरचा ६ बदलून ५ करा. दोन्ही अंकांना १ नेच गुणायचे असल्याने बेरीज पुन्हा १००! क्रमांक खोटा, पण पहारेकरी गाढ झोपेत. यात रीतीचा काही दोष नाही. ती टंकणाऱ्याच्या चुकीसाठी बनवली होती, फसवणाऱ्यासाठी नव्हे.

मग फसवणाऱ्यासाठी काय करावे? त्यासाठी ‘हॅश’ नावाची गणिती रीत पदवीत शिकवतात. एखादी फाइल एका पानाची असो की हजार पानांची, तिच्यापासून ठराविक लांबीची एक संख्या काढायची. ‘एस.एच.ए.-२५६’ या रीतीत ती २५६ द्विमान अंकांची असते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी त्या २५६ अंकांपैकी जवळजवळ निम्मे बदलतात. आपल्या बेरजेसारखी दोन जागी सोयीस्कर खाडाखोड करून तीच संख्या पुन्हा आणणे या रीतीत कोणालाही जमलेले नाही. तिची एक जुनी बहीण, एस.एच.ए.-१, मात्र २०१७ साली हरली. संशोधकांनी एकच हॅश असलेल्या दोन वेगवेगळ्या फायली बनवून दाखवल्या. अर्थात फाइल बदलणारा शेजारी लिहिलेला हॅशही बदलून ठेवू शकतो, म्हणून हॅश विश्वासाच्या वेगळ्या वाटेने पोचवावा लागतो. पाहा, एक भोक बुजवले की प्रतिपक्षी दुसरे दाखवतो. चार वर्षे हाच खेळ चालतो.

किल्ल्या किती?

प्रवासी पेटीच्या कुलपावर तीन चकत्या असतात. प्रत्येकीवर ० ते ९ अंक, म्हणजे १०×१०×१० = १,००० किल्ल्या. चार अंकी पिन असेल तर १०,०००. सेकंदाला हजार प्रयत्न करणाऱ्या यंत्राला त्यासाठी दहा सेकंद पुरतात. तरीही बँकेचे कार्ड चार अंकांवर चालते, कारण काही थोड्या चुकीच्या प्रयत्नांनंतर ते बंद पडते. सुरक्षा केवळ किल्लीच्या लांबीत नसते, ती भोवतालच्या व्यवस्थेतही असते.

आता इंग्रजीची आठ लहान अक्षरे घेऊन परवलीचा शब्द केला असे समजा. २६ चा आठवा घात म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. सेकंदाला एक कोटी शब्द तपासणारे यंत्र ते सगळे पावणेसहा-सहा तासांत संपवील. अक्षरे बारा केली तर त्याच यंत्राला सुमारे ३०० वर्षे लागतील. फक्त चार अक्षरे वाढली आणि तासांची शतके झाली! घातांकाचे नियम तुम्हाला परीक्षेपुरते वाटत असतील, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

पण थांबा. प्रतिपक्षी क्रमाने सगळे शब्द का तपासत बसेल? तो आधी माणसांची नावे, जन्मतारखा, शब्दकोशातील शब्द घेईल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ३,२८९ परवलीच्या शब्दांची तपासणी मांडली आहे. त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, एक तर फार आखूड होते किंवा सहज ओळखता येण्याजोगे होते. त्याच लेखात त्यांनी एक उपाय सांगितला. परवलीचा शब्द यंत्रात जसाच्या तसा ठेवू नये. त्यात प्रत्येकासाठी वेगळी, अंदाजाने न ओळखता येणारी छोटी संख्या मिसळावी आणि गणिती रीतीने निघालेले उत्तरच साठवावे. या मिसळीला इंग्रजीत ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ, म्हणतात. दोघांचा शब्द एकच असला, तरी मीठ वेगळे असल्याने साठवलेले उत्तर वेगळे येते. मग प्रतिपक्ष्याला एकदा केलेली मेहनत सर्वांवर वापरता येत नाही.

कुलूप उघड, किल्ली गुप्त

पुष्कळांना वाटते की कुलपाची रचनाच गुप्त ठेवावी, म्हणजे काम झाले. १८८३ साली पॅरिसमध्ये राहणारे भाषाशिक्षक ऑगस्ट केरखॉफ यांनी लष्करी सांकेतिक लेखनावर लिहिताना याच्या उलट नियम सांगितला. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त असावी ती केवळ किल्ली. कारण उघड आहे. किल्ली हरवली तर नवी करता येते, पण हजारो लोक वापरीत असलेली रचना एका रात्रीत बदलता येत नाही. आणि उघड रचनेतील दोष चांगली माणसेही शोधू शकतात.

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी याच्याही पुढची पायरी मांडली. कुलूप लावण्याची किल्लीसुद्धा जगाला देऊन टाकावी, उघडण्याची तेवढी जवळ ठेवावी! पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनी तशी एक रीत शोधली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आर.एस.ए. म्हणतात. छोट्या संख्या घेऊन ती फळ्यावर करता येते.

तुमच्या वर्गातील मीना ३ आणि ११ या दोन मूळ संख्या मनात घेते. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून केलेला गुणाकार २×१० = २०. आता २० शी सामाईक विभाजक नसलेली एक संख्या ती निवडते, ३. मग अशी संख्या शोधते की जिला ३ ने गुणून २० ने भागले असता बाकी १ उरावी. ती ७, कारण ३×७ = २१. मीना फळ्यावर ३३ आणि ३ या दोनच संख्या लिहिते. ७ स्वतःजवळ ठेवते.

तुम्हाला तिला ४ हा अंक कळवायचा आहे. ४ चा घन ६४. त्याला ३३ ने भागले की बाकी ३१. तुम्ही मोठ्याने ‘एकतीस’ म्हणता. मीना ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागते. घाबरू नका. ३१ म्हणजे ३३ ला २ कमी, म्हणून ३१ च्या जागी −२ घेतले तरी बाकी तीच येते. −२ चा सातवा घात −१२८. त्यात ३३ ची पट १३२ मिळवा. उत्तर ४! साऱ्या वर्गाने ३३, ३ आणि ३१ ऐकले. ७ शोधायचे तर ३३ चे मूळ अवयव पाडावे लागतील. ३३ चे कोणीही पाडील, पण ६१७ अंकी संख्येचे?

‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी १९७७ साली या रीतीची ओळख करून दिली. तेव्हा १२९ अंकी संख्येवर आधारलेले एक कोडे वाचकांना घातले होते. ते फुटायला अब्जावधी वर्षे लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. १९९४ साली सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून ते काही महिन्यांत फोडले. नव्या गणिती रीती आल्या होत्या आणि यंत्रेही वेगवान झाली होती. आज सामान्यतः २,०४८ द्विमान अंकांची, म्हणजे ६१७ दशमान अंकांची संख्या घेतात. १९९४ सालीच पीटर शोर यांनी दाखवले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हे कुलूपही उघडेल. म्हणून त्याला दाद न देणाऱ्या नव्या रीतींची पहिली मानके अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ साली जाहीर केली. या क्षेत्रात ‘कायमचे सुरक्षित’ असा शब्दप्रयोग नाही, हे विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच शिकावे.

रकान्याबाहेरची अक्षरे

कुलूप उत्तम आहे, पण दाराची चौकटच कुजलेली असेल तर? एक गुणपत्रिका डोळ्यांपुढे आणा. नावासाठी वीस चौकोन आहेत आणि त्यांना लागूनच गुणांचा रकाना. एकाने मुद्दाम बावीस अक्षरी नाव लिहिले आणि शेवटची दोन अक्षरे म्हणून ‘९९’ लिहिले. लिहून घेणाऱ्याने चौकोन मोजलेच नाहीत, तर ते ९९ गुणांच्या रकान्यात जाऊन बसेल. संगणकाच्या स्मृतीत अगदी असेच घडू शकते.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी तसे घडले. एका सेवा-कार्यक्रमात ५१२ अक्षरांची जागा होती. आलेली अक्षरे तो मोजत नव्हता. त्याला ५३६ अक्षरे पाठवण्यात आली. वाढीव अक्षरे शेजारच्या जागेत सांडली आणि यंत्र परक्याच्या आज्ञा पाळू लागले. हा उपद्व्याप करणारा कार्यक्रम स्वतःच्या प्रती काढीत यंत्रामागून यंत्रात शिरत होता आणि सोपे परवलीचे शब्द ओळखूनही आत जात होता. सुमारे ६,००० यंत्रे अडकली असा तेव्हाचा अंदाज आहे. तो लिहिणारा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी होता, रॉबर्ट टॅपन मॉरिस. आपण वर ज्यांचा लेख पाहिला त्या रॉबर्ट मॉरिस यांचा हा मुलगा! वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी दाखवलेला दोष जगाने दुरुस्त केला नव्हता. मुलाच्या कार्यक्रमातही एक चूक होती. एकाच यंत्रात तो पुन्हा पुन्हा शिरत राहिला, त्यामुळे यंत्रे मंदावून ठप्प झाली.

१९९० साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तीन वर्षे देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एम.आय.टी. या संस्थेत प्राध्यापक झाला, हेही खरे. म्हणजे बुद्धी तीच, मात्र परवानगीवाचून वापरली तेव्हा तिचा गुन्हा झाला. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा आहे. दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने, परवानगीवाचून शिरल्यास त्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी फक्त गंमत केली’ हे उत्तर शाळेच्या कार्यालयातील संगणकाबाबतही पुरेसे नाही. म्हणून पदवीत कायदा आणि नीती हे विषय असतात. सरावासाठी प्रयोगशाळेत वेगळी, मुद्दाम सदोष ठेवलेली यंत्रे असतात.

आजोबांचा फोन

शेवटचा सांधा माणसाचा. आजोबांना फोन येतो : “बँकेतून बोलतोय. तुमचे खाते आज बंद होणार. आलेला सहा अंकी आकडा सांगा.” आजोबा सांगतात आणि आयुष्याची पुंजी जाते. येथे कोणी ६१७ अंकी संख्या फोडलेली नाही. मालकालाच दार उघडायला लावले आहे.

घरातले म्हणतात, ‘त्यांना काही कळत नाही’. सुरक्षेचा विद्यार्थी असे म्हणून थांबत नाही. घाबरलेल्या माणसाने एक आकडा उच्चारला की सारे संपावे, ही व्यवस्था कोणी रचली? मोठी रक्कम नव्या खात्यात जाताना थोडा विलंब ठेवता येईल का? संदेशातील सूचना आजोबांना समजेल अशा मराठीत आहे का? हे प्रश्नही अभ्यासाचेच भाग आहेत. (असे घडलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे.)

माहिती-सुरक्षेची तीन उद्दिष्टे पुस्तकात देतात : गुप्तता, अखंडता आणि उपलब्धता. तिसरे अनेकदा विसरले जाते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने ब्रिटनच्या रुग्णालयांतील संगणकांवरील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. त्या दोषाची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच, उपलब्ध झाली होती. अनेक यंत्रांवर ती बसवली गेली नव्हती. कंटाळवाणे काम वेळच्या वेळी करणे हाही या व्यवसायाचा मोठा भाग आहे.

तयारी कशी करावी?

हा अभ्यास बहुधा संगणक अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवीची शाखा म्हणून असतो. काही ठिकाणी बी.एस्सी.लाही तो घेता येतो. विषयांची नावे आणि क्रम विद्यापीठागणिक बदलतात, पण सांगाडा साधारण असा : प्रथम गणित आणि संगणकाला आज्ञा लिहिण्याची कला, मग संगणकाची अंतर्रचना, कार्यप्रणाली, संगणकांची जाळी आणि माहितीसाठे, त्यानंतर कूटलेखन, निर्दोष कार्यक्रम लिहिण्याच्या पद्धती, गुन्ह्याच्या खुणा शोधणे, कायदा, शेवटी प्रकल्प. जी गोष्ट कशी चालते हे ठाऊक नाही, ती कशी मोडते हे कळणार नाही, म्हणून पहिली दोन वर्षे ‘सुरक्षा’ हा शब्द फारसा ऐकू आला नाही तरी निराश होऊ नये. महाराष्ट्रात बारावीला विज्ञान आणि गणित घेऊन प्रवेश परीक्षेने, किंवा दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षात, अशा दोन वाटा आहेत. त्या वर्षीच्या अटी शिक्षकांच्या मदतीने पाहाव्यात.

आज काय करता येईल? भागाकारातील बाकी, मूळ संख्या, घातांक, क्रमसंचय आणि संभाव्यता ही प्रकरणे मनापासून करा. पायथनसारखी एक संगणकभाषा शिका आणि वरची आय.एस.बी.एन. तपासणी तिच्यात लिहा. रोजच्या व्यवहारात एक सवय लावून घ्या. रांगेतील कुपन, वाचनालयाचे कार्ड, परीक्षेचा आसनक्रमांक, काहीही पाहिले की विचारा : ‘हे चुकीपासून वाचवते की कपटापासूनही?’ उत्तर वहीत लिहा. दुसऱ्याच्या यंत्रावर करून पाहू नका.

सोडवून पाहा

१. आय.एस.बी.एन. मधील कोणताही एकच अंक बदलला, तर चूक नेहमी पकडली जाते का? शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर कोणत्या जोड्या निसटतात?

२. एका ठिकाणी एक लाख खाती असून प्रत्येकाला यदृच्छेने दिलेला चार अंकी पिन आहे. तीन चुकांनंतर खाते बंद पडते. प्रतिपक्षी प्रत्येक खात्यावर एकच पिन, एकदाच लावून पाहतो. सरासरी किती खाती उघडतील?

३. मीनाच्या वर्गातील एक हुशार विद्यार्थी ३३ चे अवयव न पाडता आणि ७ न शोधताही ३१ चा अर्थ ओळखतो. कसा?

उत्तरे : (१) होय, कारण ० ते ९ मधील दोन वेगळ्या अंकांच्या फरकाला १ ने किंवा ३ ने गुणले तर १० ची पट मिळत नाही. अदलाबदलीत बेरीज त्या अंकांच्या फरकाच्या दुपटीने बदलते, म्हणून फरक ५ असलेल्या जोड्या निसटतात. उदाहरणार्थ १ आणि ६. (२) सुमारे १०, आणि एकही खाते बंद पडणार नाही! (३) संदेश ० ते ३२ एवढेच असू शकतात. फळ्यावरील उघड किल्लीने तो सर्वांची बाकी काढून तक्ता करतो आणि ३१ समोर ४ वाचतो. म्हणूनच प्रत्यक्ष वापरात संख्या प्रचंड घेतात आणि संदेशात दर वेळी वेगळी, अंदाजाने न ओळखता येणारी भर घालतात.

तिसरे उत्तर वाचण्याआधी ज्याला स्वतःहून सुचले असेल, त्याने या अभ्यासक्रमाचा विचार जरूर करावा.